पेटाऱ्यातली ढोलकी

आमच्या घरातून कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. जेसल पार्कातल्या आमच्या मजल्यावर समोर दिव्याबेन राहते. तिच्याकडून हांडव्याचा डबा आला की तो घासून, पुसून, त्यात काहीतरी घालूनच परत जातो. चकली, नाहीतर लाडू, आणि काहीच नसेल तर मूठभर साखर. "सरोजाबेन, खाली डब्बा दे दो ना, चलेगा," असं ती दर वेळी म्हणते आणि माझा डबा परत करताना स्वतः त्यात खाखरे भरून पाठवते. त्यामुळे आमच्या दोघींचे डबे वर्षानुवर्षं नुसते ये-जा करताहेत. आता कुठला डबा मूळचा कुणाचा, हे आम्हा दोघींनाही सांगता येणार नाही.

या सवयीपायी माझ्या लेकीला एका परदेशी बाईने सगळ्या जगासमोर लेखी सुनावलं. चूक अर्थातच माझी नव्हती. म्हणजे, सगळी नव्हती.

माझी लेक संजना मीरा रोडला एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करते. दिवसभर तेच करून घरी येते, चहा घेते आणि पुन्हा तेच करत बसते, तेही फुकट. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी भडकलेच होते. विचारलं तर म्हणाली, "पॅकेज बनवतेय." मी पोस्टात काउंटरवर आयुष्य काढलेली बाई. पॅकेज म्हटलं की मला सुतळी आणि लाख आठवते.

"तसलं नाही गं," ती हसत म्हणाली. "जगभर माणसं प्रोग्रॅम लिहितात आणि कुठेतरी ठेवून देतात. तुला त्यातला एक हवा असला, तर त्याला आधी दुसरं काहीतरी लागतं, त्या दुसऱ्याला तिसरं. लोक वैतागून सोडून देतात. म्हणून आम्ही प्रत्येक प्रोग्रॅमची कृती लिहितो. कुठून आणायचा, सोबत काय काय लागेल, कशानंतर काय जोडायचं. ती कृती एकदा पेटाऱ्यात गेली, की जगात कोणीही एक ओळ टाइप करायची, प्रोग्रॅम हजर. नुसता हजर नाही, तो उघडून बघायचा, बदलायचा, पुढे कुणाला द्यायचा, सगळ्याची मुभा."

त्या पेटाऱ्याचं खरं नाव इंग्रजीत काहीतरी आहे. आमच्या घरात त्याला पेटाराच म्हणतात. ठिकठिकाणची माणसं मिळून तो चालवतात, एकमेकांना बघितलेलंही नाही, आणि पगार कुणालाच नाही. मला वाटलं होतं असलं खूळ चार दिवसांत उतरेल. ते काही उतरलं नाही, आणि खरं सांगायचं तर बरंच झालं.

आता राघोदादाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरून आहे. राघो माझा थोरला भाऊ. नांदेडकडून आम्ही सगळे इकडे आलो त्याला जमाना झाला. मी भाईंदर पूर्वेला आले, तो मुर्ध्याला गेला, कारण तिथे ढोलकी बडवली तर शेजारी कुणी कुरकुर करत नव्हतं. आमची महिला गायन पार्टी आहे. भीमजयंतीच्या दिवसांत आम्हाला मीरा रोडपासून पार काशीमिऱ्यापर्यंत बोलावणी असतात. गाणाऱ्या आम्ही, पण पार्टी चालायची ती दादाच्या ढोलकीवर. केरवा सगळेच वाजवतात. दादा समेवर येण्याआधी डावा हात कणभर थांबवायचा आणि मग असा घुमारा सोडायचा, की समोरची माणसं बसल्या जागी डोलायची. तो थांबला की माझाही श्वास थांबायचा आणि सूर मग आपसूक बरोबर जागी पडायचा. तो घुमारा त्याने कधी कुणाला शिकवला नाही. "येतो त्याला येतो," एवढंच म्हणायचा.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी दादाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. नशीब, लवकर दवाखान्यात नेलं. चालता येऊ लागलं, बोलणं तर कधी थांबलंच नाही. पण डावा हात जड राहिला. दादाने ढोलकीला गवसणी घातली आणि ती कपाटावर टाकली. रविवारी आम्ही शांती नगरला, आमच्या पार्टीतल्या अनसूयाच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तालमीला बसतो. तिथे तो येईनासा झाला. फोन केला तर म्हणायचा, "दुसरा बघा." दुसरा बघायला काय, बाजारात भाजी आहे का? आणि मला दुसरा नकोच होता. मला माझा भाऊ परत हवा होता, माझ्या उजव्या बाजूला मांडी घालून बसलेला, मी चुकले की डोळे वटारणारा. जयंती जवळ येत होती आणि मी रोज नव्याने वैतागत होते.

संजनाने आमची अडचण बघून एक प्रोग्रॅम शोधून काढला. पोर्तुगालमधल्या कुणीतरी लिहिलेला. त्यात वाद्याचे आवाज घालायचे, कुठल्या मात्रेला कुठला आवाज ते सांगायचं, की तो तासन्‌तास ठेका धरतो. निदान तालीम तरी होईल, ती म्हणाली. प्रोग्रॅम पेटाऱ्यात नव्हता, म्हणून तिने त्याची कृती लिहायला घेतली. चार-पाच संध्याकाळी तिचं तेच चाललं होतं. मी कुकर लावायचे, ती पुटपुटायची. एकदा तिने "झालं!" म्हणून एवढ्या मोठ्याने टाळी वाजवली, की माझ्या हातातली मोहरी सांडली.

"आता पाठवते," ती म्हणाली.

मी सहज विचारलं, "त्या माणसाने एवढा प्रोग्रॅम दिला, आणि तू डबा तसाच रिकामा पाठवणार?"

"आई, असं नसतं तिकडे."

"सगळीकडे तसंच असतं," मी म्हणाले आणि पोळ्या लाटायला गेले. थोड्या वेळाने बघते तर स्वयंपाकघरापर्यंत दादाची ढोलकी ऐकू येत होती. मागच्या वर्षीच्या तालमीत संजनाने फोनवर घेतलेला तुकडा होता तो. तिने त्यातला ठेका कापला, त्या प्रोग्रॅमच्या सोबत पॅकेजमध्ये घातला आणि पाठवून दिला. त्या रात्री आम्ही दोघी फार खुशीत जेवलो.

उत्तर आलं ते नॉर्वेच्या इंग्रिड नावाच्या बाईकडून. आलेली पॅकेजेस तपासायची, हे तिचं काम. पेटाऱ्यातलं सगळं बोलणं उघड्यावर चालतं, कुणीही वाचावं. संजनाने मला मराठीत वाचून दाखवलं. आधी आभार होते, कृती नीट लिहिल्याबद्दल कौतुक होतं. मग खाली लिहिलं होतं: पॅकेजमध्ये मूळ लेखकाने दिलं तेवढंच असावं. तुम्ही वर एक वाद्य घातलं आहे. ते द्यायचं असेल तर त्याचं वेगळं पॅकेज करा. पण त्याआधी सांगा, हे कोणी वाजवलं आहे? त्यांचं नाव काय? कोणीही हे घ्यावं, बदलावं, पुढे द्यावं, याला त्यांनी परवानगी दिली आहे का? ती लेखी नसेल तर आम्हाला हे घेता येणार नाही.

आणि अगदी शेवटी, कंसात: मी ते तीनदा ऐकलं.

"कोण ही बाई शहाणी?" मी म्हणाले. "आम्ही चांगलं द्यायला गेलो, तर पावती मागते!"

पण बोलता बोलताच माझं मला जाणवलं. पार्सलात काय आहे आणि ते कोणी पाठवलं, हे वर लिहिल्याशिवाय मी स्वतः कधी पार्सल घेतलं होतं का? उलट लोकांना परत पाठवायचे. आणि दुसरं जे जाणवलं, ते जास्त लागलं. आमच्या पार्टीचे इतके बॅनर लागले. त्यावर माझं नाव, अनसूयाचं नाव, आणि पुढे "व पार्टी". दादा कायम त्या "व पार्टी"त. ढोलकी कोणी वाजवली, हे त्याला न बघता, नुसतं ऐकून विचारणारी ही पहिली बाई.

"चल," मी संजनाला म्हणाले. "मामाला विचारून येऊ."

रविवारी सकाळी आम्ही रिक्षाने मुर्ध्याला गेलो. दादाच्या चाळीमागे टॉवर उठतोय, तिथे धाडधाड चाललं होतं. दादा दारात खुर्ची टाकून त्या टॉवरकडे रागाने बघत बसला होता. संजनाने त्याला सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे माझी ढोलकी तू नार्व्याला धाडलीस."

"नॉर्वेला, मामा."

"मला न इचारता."

"हो," संजना खाली बघत म्हणाली. "म्हणूनच आलेय."

"वाजव बघू काय धाडलंस ते."

तिने फोनवर तुकडा लावला. दादाने डोळे मिटून ऐकला आणि एकदम खुर्चीतून उठला. मला वाटलं आता आमची वरात इथूनच परत.

"थांबव! हे धाडलंस? अगं, तिसऱ्या मात्रेला हात घसरलाय माझा! त्या दिशी सरूनं मधीच चाल बदलली, म्हणून घसरलाय."

"मी कुठे बदलली?" मी म्हणाले.

"तूच बदललीस. आन् हे त्या बाईनं तीनदा ऐकलं?" दादाने कपाळाला हात लावला. "लोकाच्या डब्यात शिळं घालून दिलं तुमी पोरींनी. आईनं काय हेच शिकवलं व्हतं व्हय?"

मी साठीला आलेय, तरी दादाने "पोरींनी" म्हटल्यावर मला फार बरं वाटलं. राग परवानगीचा नव्हताच. राग घसरलेल्या हाताचा होता.

"मग चांगलं दे ना," मी म्हणाले.

तो पुन्हा खुर्चीत बसला. डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. "कशानं देऊ?"

त्याच्या तोंडाकडे बघवेना. मी काही बोलणार, तेवढ्यात संजना म्हणाली, "मामा, मला आख्खा ठेका नकोच आहे. एकेक आवाज पाहिजे, सुटा सुटा. एक थाप मारायची आणि थांबायचं. हवं तेवढं थांबायचं. कशानंतर काय ते तोंडाने सांगा, जोडायचं काम माझं."

दादाने कपाटाकडे बघितलं. मग म्हणाला, "सरू, कपाटावरून काढ."

तो दिवस मी विसरणार नाही. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, आम्ही तिघं घामाने निथळतोय. दादाने चामड्यावरची शाई चोळली, दोऱ्या ताणल्या. उजव्या हाताच्या थापा पटापट झाल्या. मग डाव्याची पाळी. पहिली थाप बसली ती नुसती फद्‌दिशी. दुसरी तशीच. तिसरी चांगली बसली, तर नेमकं टॉवरवाल्यांनी काहीतरी वरून टाकलं. चौथीला शेजारच्या कुकरने शिट्टी दिली. दादाने टॉवरवाल्यांना मराठवाडी हिसका दाखवला आणि तोही संजनाच्या फोनमध्ये भरला गेला. मी तोंडात पदर कोंबून हसत होते. मग केव्हातरी, कुणाचं लक्ष नसताना, घुमारा आला. भरलेला, गोल, पूर्वीसारखा. तिघांनीही श्वास रोखून तो पार विरेपर्यंत ऐकला.

"हां," दादा म्हणाला. "हे धाड."

मग राहिली परवानगी. संजनाने अटी मराठीत समजावल्या. कोणीही घेईल, वाजवेल, पुढे देईल, बदलेल, वाटलं तर विकेलसुद्धा.

"बदलतील बी?" दादा विचारात पडला. "मग माझं काय राह्यलं त्यात?"

"तुमचं नाव. ते कुणाला काढता येत नाही."

"कुठं असतंय नाव?"

"सगळ्यात वर."

दादाने मान हलवली. "लिही. ही ढोलकी राघो किसन हनवते, मुक्काम मुर्धा, यांनी वाजवलेली हाय. कुणीबी घ्यावी, वाजवावी, बदलावी. पर डबा रिकामा परत धाडू नये."

"मामा, शेवटचं नाही चालणार. मोकळं द्यायचं म्हणजे नावाशिवाय दुसरी अट घालायची नाही. इंग्रिड पुन्हा परत पाठवेल."

"मग अट नको. इनंती लिही. इनंतीला तिची काय हरकत?"

संजना हसायला लागली. विनंतीला हरकत नव्हती. दोन वेगळी पॅकेजेस गेली, एक प्रोग्रॅमचं आणि एक ढोलकीचं, आणि आठवडाभरात इंग्रिडने दोन्ही पेटाऱ्यात घेतली. संजनाने लॅपटॉपवर एक ओळ टाइप केली, तर पडद्यावर आधी आलं ते "राघो किसन हनवते". मी तो फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. दिव्याबेनलाही. ती धावतच आली. "अरे वाह, भाई का नाम इंटरनॅशनल!" म्हणाली आणि माझ्या तोंडात सुखडीची वडी कोंबून गेली.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती, पण दादा आला नाही. तालमीला लॅपटॉप यायचा, दादाचा ठेका त्यातून वाजायचा, अगदी बिनचूक, घुमाऱ्यासकट. दादा मात्र फोनवर म्हणायचा, "आता मशीन वाजवतंय की. माझं काय काम?" मीच "चांगलं दे ना" म्हणून तोंडावर पडले होते. भाऊ मागितला होता, मिळाला लॅपटॉप. तो काही डोळे वटारत नाही. मी दोनदा चाल चुकले, तरी आपला गुमान वाजवत राहिला. मला रडूच आलं. अनसूयाने पाणी दिलं, पण पाण्याने काय होणार?

जयंतीला दोनच आठवडे राहिले असताना पेटाऱ्यात इंग्रिडचं काहीतरी येऊन पडलं. तिने लिहिलं होतं की ती तिच्या गावातल्या वाद्यवृंदात ढोल वाजवते. हनवते यांच्या थापा घेऊन तिने सात मात्रांचा एक ठेका जुळवला आहे. त्यांची विनंती वाचली होती, म्हणून डबा भरून परत पाठवते आहे.

संजनाने तो ठेका मामाच्या व्हॉट्सअॅपवर टाकला. दोन्ही खुणा निळ्या झाल्या, म्हणजे त्याने बघितलं. उत्तर नाही. दोन दिवस गेले तरी नाही. मी म्हणाले, झालं, रुसला. त्याच्या घुमाऱ्याला हात लावला कुणीतरी.

रविवारी शांती नगरच्या हॉलमध्ये आम्ही नुकत्या बसलो होतो. संजना लॅपटॉप जोडत होती. खाली रिक्षा थांबली, रिक्षावाल्याशी हिंदीत काहीतरी वाद झाला, आणि तो आवाज ऐकून मी उठूनच उभी राहिले. दारात दादा होता. उजव्या खांद्याला ढोलकी.

"कुठाय ती बाई?" आल्या आल्या त्याने विचारलं.

"कुठली?"

"नार्व्याची! चौथ्या मात्रेला माझा डावा हात लावलाय तिनं, पर थांबतच न्हाई ना! घुमाऱ्याच्या आधी थांबायचं असतंय. नुसता आवाज घेऊन काय उपेग? लई गुणी बाई हाय, पर घाई करती. दोन दीस झोप न्हाई मला."

असं म्हणत तो माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला. मांडी घालायला वेळ लागला. कुणी हात द्यायला गेलं नाही, कारण दिला असता तर ओरडला असता. त्याने गवसणी काढली, ढोलकी मांडीवर घेतली आणि सात मात्रा मोजत वाजवायला लागला. उजवा हात ठीक चालला होता. चौथ्या मात्रेशी तो थांबला. आम्हीही थांबलो. डावा हात हळूहळू वर गेला आणि खाली आला. फद्‌. त्याने मान झटकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा फद्‌. तिसऱ्या खेपेला निम्मा घुमारा आला, पण आला. अनसूयाने टाळ्या वाजवल्या, तर तिच्याकडे त्याने डोळे वटारले.

"सरू, गा की. बघत काय बसलीस?"

"सात मात्रांत मी कधी गायलेय?"

"मग शीक."

मी गायला लागले आणि दुसऱ्याच ओळीला चुकले. त्याने डोळे वटारले. इतका आनंद मला कितीतरी महिन्यांत झाला नव्हता. मी मुद्दाम आणखी एकदा चुकले.

संजनाने फोन समोर धरला होता. "मामा, रेकॉर्ड करू? इंग्रिडला पाठवायला?"

"मग? तिचा डबा आपल्याकडं आलाय न्हवं? रिकामा कसा धाडायचा?"

"आणि आज हात नीट नाही बसला तर?"

दादाने दोरी ताणली, ढोलकी मांडीवर नीट सरकवली आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला, "न्हाई बसला तर पुढच्या रविवारी बसंल. मी हाय की हितंच."